मधलं कडवं

"काकांची आवडती गाणी कोणती?" स्पीच थेरपिस्ट मुलीने तिला विचारलं. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, ते तसंच उघडं राहिलं. प्रश्न काही वाकड्यात शिरणारा नव्हता. रक्तगट विचारावा, गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारावं, तशा साध्या सुरात विचारलेला. शेजारच्या खुर्चीत नवरा बसला होता. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा. समोर चित्रांचे पत्ते मांडलेले होते, सफरचंद, छत्री, किल्ली, आणि एकाचंही नाव त्याच्या तोंडून आलं नव्हतं. त्याचं समजण्यासारखं होतं. त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. तिच्या मेंदूत काय अडकलं होतं? एवढ्या वर्षांचा संसार. या माणसाला चहात साखर किती लागते, झोप कुठल्या कुशीवर लागते, कुठल्या साबणाने अंगाला खाज सुटते, सगळं तोंडपाठ. आणि ज्या माणसाच्या कानांवरून हेडफोन फक्त आंघोळीला उतरायचे, त्याचं एक आवडतं गाणं तिला सांगता येईना. "जुनी," ती शेवटी म्हणाली. "जुनी सगळी." मुलीने मान वर केली. "सगळी?" "हो, म्हणजे... सगळीच आवडतात त्यांना." खोटं बोलताना तिच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या, तशा आताही झाल्या.

मुलगी हुशार होती आणि मनाने चांगली होती, तिने ते ताणलं नाही. "असं बघा काकू," ती म्हणाली, "बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं, तिथे काकांना मार बसलाय. पण गाणं दोन्हीकडे असतं. जिवाभावाचं एखादं गाणं सापडलं, तर कधीकधी त्याच्या सुरावर बसून शब्द येतात. एकदा आले की त्यांचं बोट धरून आपण पुढे जाऊ. पण गाणं त्यांचं हवं. तुमच्या-माझ्या आवडीचं नाही चालणार." मग म्हणाली, "सुरुवातीचे हे महिनेच महत्त्वाचे असतात. नंतर कठीण होत जातं. या महिन्यात काहीच हललं नाही, तर इथले डॉक्टर वेळ दुसऱ्या पेशंटला देतील. मी नाही थांबवू शकणार." हे मुलीने इतक्या हळू सांगितलं, की त्या हळूपणाचीच तिला धडकी भरली. बाहेर लांबलचक कॉरिडॉर होता. नवरा काठी टेकत, उजवा पाय ओढत चालला होता आणि ती त्याच्या कोपराला धरून चालली होती. मधेच तो थांबला, छताकडे बघू लागला. छतात एक स्पीकर होता आणि त्यातून कसलंतरी गुळमुळीत संगीत पाझरत होतं. हेच का? हे आवडतं? ती श्वास रोखून त्याच्या ओठांकडे बघत राहिली. पण स्पीकरच्या जाळीला एक टाचणीएवढं भोक पडलेलं होतं, तिथेच त्याची नजर होती.

तो कॅसेटच्या कारखान्यात कामाला होता. तिथे सगळे त्याला कानसेन म्हणायचे. स्थळ सांगून आलं तेव्हा तिच्या मावशीने विचारलं होतं, "काम काय करतो मुलगा?" आणि मध्यस्थ म्हणाले होते, "गाणी ऐकतो." सगळे हसले होते. ऐकण्याचे पैसे मिळतात! त्या दिवसांत गाणं म्हणजे केवढी अपूर्वाई होती. नवी कॅसेट आली की दुकानापुढे गर्दी, कव्हरवरचा कागद उलगडून त्यावरची नावं वाचायची, वासही घ्यायचा. पट्टी गुंतली की पेन्सिल घालून हलक्या हाताने गुंडाळायची. रेडिओवर हवं ते गाणं लागेल म्हणून दोन बटणांवर दोन बोटं ठेवून बहिणी-बहिणी बसून राहायच्या, आणि नेमका निवेदक गाण्यावर बोलायचा. तिला वाटलं होतं, या घरात दिवसभर गाणं असेल. ती स्वतः एका मोठ्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. समोर बोर्ड, त्यात भोकं, हातात दोऱ्या; याला काढ, त्याला घाल. "थांबा, जोडून देते." दिवसातून किती वेळा हे वाक्य तोंडातून जायचं त्याला गणती नव्हती. संध्याकाळी घरी येईपर्यंत तिची जीभ टाळूला चिकटलेली असायची, कुणी एक शब्द बोलायला लावला तर अंगावर काटा यायचा. आणि तो ऐकून ऐकून कान किटलेला. तो दारातून यायचा, तिच्याकडे बघायचा, ती मान हलवायची, तोही हलवायचा. चहा. मग तो हेडफोन चढवायचा, ती डोळे मिटून पडायची. एकमेकांना काही न बोलण्याची एवढी मोठी सूट कुणी दिली असेल? मैत्रिणींचे नवरे डोकं खायचे, तिचा खात नव्हता. ती याला सुख म्हणायची. बाहेर सांगायचीसुद्धा, "आमच्याकडे ना, फार शांत असतं बाई." आता घर शांतच होतं, आणि ती शांतता तिला खायला उठत होती.

झटका आला त्याच्या आदल्या रात्री तो तिच्याशी शेवटचं काय बोलला, ते तिला लख्ख आठवत होतं. "बाथरूमचा दिवा राहिलाय." बस. एवढंच. ती उठली, दिवा घालवून आली, तोवर तो झोपला होता. दवाखान्यातल्या बाकावर बसल्यापासून तिच्या डोक्यात ते वाक्य फिरत होतं. माणसं जाताना काय काय बोलून जातात, आणि हिच्या वाट्याला बाथरूमचा दिवा. बरं, हा गेलाही नव्हता. समोर बसून भाकरीचा तुकडा डाव्या हाताने नीट तोंडात घालत होता, तिच्याकडे बघून हसतही होता, अर्ध्या तोंडाने. नुसतं बोलणं गेलं होतं. तिला त्याचं भाषण नको होतं. त्याने पूर्वीसारखं चालावं, सही करावी, हिशेब करावेत, असलं काही ती मागत नव्हती. एक शब्द, पण तो तिला सांगितलेला असावा. भिंतीला नाही, सफरचंदाला नाही. तिला. म्हणजे मग बाथरूमचा दिवा शेवटचा राहणार नाही. यापलीकडे तिला देवाकडेही काही मागायचं सुचत नव्हतं, आणि हेसुद्धा मागताना लाज वाटत होती, कारण एवढी वर्षं शब्दांची नुसती रास पडली होती तेव्हा तिने एक उचलला नव्हता.

तिने आकाशपाताळ एक करायचं ठरवलं. आधी दिराला फोन केला. दीर क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "वहिनी, विचारता काय! ते नाही का, पावसात भिजत नायक गातो, लांब कल्ल्यांचा. दादा कॉलेजात असताना तेच गुणगुणायचा. मला आठवतंय ना!" मग तो स्वतःच ते सगळं गाणं म्हणाला, अगदी भावविवश होऊन, आणि तिच्या लक्षात आलं की हे दिराचं आवडतं गाणं आहे. मग आपल्या मुलीला व्हिडिओ कॉल केला. मुलगी दूरच्या शहरात, तिच्या मागे सूटकेस उघडी पडलेली. "आई, अगं मी बाबांना वाढदिवसाला प्लेलिस्ट करून दिली होती ना! त्यांनी अंगठा पाठवला होता. थांब, तुझ्या फोनवर टाकते." आली. नाव होतं 'बाबांची आवडती'. त्यात दोनशेच्यावर गाणी. "एवढी तू निवडलीस?" "छे गं. तीन-चार मी टाकली, बाकीची त्या ॲपनेच सुचवली. तुमच्या वयाच्या लोकांना हीच आवडतात." मग मुलीचा चेहरा एकदम लहान झाला. "आई, तुला माहीत नाही? बाबांचं आवडतं?" "माहीत आहे की," ती म्हणाली. "खात्री करून घेतेय." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या काळ्या काचेत दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याकडे बघत बसली.

आणि मग तिला कपाट आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते रोज समोरच होतं, झोपायच्या खोलीत, तिच्या कपड्यांच्या कपाटाला खेटून. आत खालपासून वरपर्यंत कॅसेटी. मुलगी लहान असताना हट्ट धरायची, त्यांचा किल्ला करायचा म्हणून, तेव्हा शांत माणूस एकदाच ओरडला होता. पुढे कारखाना बंद पडला, कॅसेटीच बंद पडल्या, सगळी दुनिया फोनवर ऐकू लागली. त्याला एका कंपनीत ग्राहकांचे फोन तपासायचं काम मिळालं. तुमचा कॉल रेकॉर्ड होतोय म्हणून सांगतात, ते रेकॉर्ड झालेले कॉल ऐकणारा एक माणूस असतो, तो हा. तिथूनही निवृत्त झाला, पण कपाट हललं नाही. भंगारवाला दारात उभा असतानाही याने कपाटाला पाठ लावून मान हलवली होती. इतक्या जपून माणूस काय ठेवतो? आवडीचंच ना? तिचा जीव भांड्यात पडला. उत्तर दीड हातावर होतं आणि ती जगाला फोन करत सुटली होती. तिने दोन कप्प्यांचा जुना टेपरेकॉर्डर पुसला, प्लग लावला, बारीकसा लाल दिवा लागला. त्याला खुर्चीत बसवला, टेबल पुढे ओढलं. कपाटातली पहिली कॅसेट उचलली, घातली, बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग वाद्यं सुरू झाली आणि त्याची मान तिरकी झाली. तिने पाहिलं, त्याचं अख्खं शरीर जागं झालं. झटक्यानंतर प्रथमच त्याच्या डोळ्यांत कुणीतरी राहायला आलं होतं. गाणाऱ्या बाईने पहिली ओळ घेतली, दुसरी घेतली, आणि त्याच्या चेहऱ्यावरून एक कळ गेली, डोळ्याच्या कडेला पाणी आलं. डाव्या हाताचं बोट वर झालं. ताल धरतोय, तिला वाटलं. मग ते बोट टेपरेकॉर्डरवर आलं, बरोबर पुढे पळवायच्या बटणावर. चाकं सुसाट फिरली, गाण्याचा चिमण्यांसारखा चिवचिवाट झाला, आणि त्याने सोडलं ते नेमकं शेवटच्या ओळीवर. ती ओळ बाईबरोबर तोही म्हणाला. शब्दन् शब्द. जिभेचा जडपणा नाही, अडखळणं नाही. सहा शब्दांची ओळ, पूर्ण. ती किंचाळलीच. त्याचे खांदे धरून हलवत म्हणाली, "अहो! म्हणा! पुन्हा म्हणा!" तो तिच्याकडे बघत होता, तिच्या आरपार कुठेतरी, आणि बोट वर करून स्वच्छ आवाजात म्हणाला, "पुढची."

त्या दुपारी तिने किती कॅसेटी घातल्या ते तिला सांगता आलं नसतं. प्रत्येकीचं तेच. सुरुवात, डोळ्यात पाणी, बोट, चिवचिवाट, शेवटची ओळ, पुढची. मध्ये ती मुलीला फोन करून रडली, दिराला फोन करून हसली. दुसऱ्या दिवशी थेरपिस्ट मुलीला फोनवरचं चित्रीकरण दाखवलं तेव्हा तिनेही टाळी वाजवली. "काकू, केवढा प्रतिसाद आहे हा! भावना बघा चेहऱ्यावरच्या!" मग ती कामाला लागली. त्या ओळींचे तुकडे करून, त्याच चालीवर नवे शब्द बसवून, त्याच्या डाव्या हातावर थापट्या मारत म्हणू लागली: पा-णी ह-वं. ब-रं वा-ट-तं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ओळ लावली की ओळ म्हणायचा, पाणी म्हटलं की गप्प. पुढच्या खेपेलाही तेच, त्याच्या पुढच्याही. मुलीने टाळ्या वाजवणं थांबवलं. "येतील," ती म्हणायची, पण वहीत लिहिताना आता तिचं पेन लवकर थांबायचं. आणि महिना काही कुणासाठी थांबत नव्हता.

अशात एका दुपारी फोरमन आला. कारखान्यातला त्याचा साहेब आणि मित्र, जे काही मित्र म्हणण्यासारखं होतं ते. आता म्हातारा, कमरेतून वाकलेला, पण आवाज जुन्या भोंग्यासारखा. "काय कानसेन!" असं म्हणत त्याने पाठीवर थाप मारली आणि मग रुमाल काढून उगाच नाक पुसलं. तिने मोठ्या उमेदीने टेपरेकॉर्डर लावला. यांच्या देखत तरी काही जास्त बोलेल. कॅसेट सुरू झाली. फोरमनही मान तिरकी करून ऐकू लागला, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत दोघांनीही एकदमच तोंड वेडंवाकडं केलं. "पट्टीची डावी बाजू बसलीय," फोरमन म्हणाला. बोट वर झालं. चाकं फिरली. शेवटची ओळ. "पुढची." फोरमन हसता हसता थांबला. तिच्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, हा रद्दी माल कशाला ऐकवताय त्याला?"

"रद्दी?" ती म्हणाली.

"अहो हे सगळं," त्याने कपाटाकडे हात केला, "नापास माल आहे आमचा. कुठे डावा आवाज गेलेला, कुठे पट्टी चुरगळलेली, कुठे पुढच्या गाण्याचा आवाज आधीच झिरपलेला. फेकायच्याच असायच्या. हा बाबा घरी आणायचा. मी म्हणायचो, अरे वेड्या, करतोस काय यांचं? तर म्हणायचा, साहेब, चुकून एखादी चांगली नापास केली असेल माझ्या हातून, घरी शांतपणे पुन्हा ऐकून बघतो. आहे की नाही? एवढ्या वर्षांत एक नाही सापडली. पण ऐकायचा थांबला नाही पठ्ठ्या." तो कौतुकाने मित्राकडे बघत होता. ती खुर्चीची पाठ धरून उभी होती. "पण गाणी तर त्यांना येतात," ती म्हणाली. "शेवटच्या ओळी सगळ्या येतात." "येणारच की! कामच ते. आम्हाला काय अख्खी गाणी ऐकायला वेळ होता का? सुरुवातीचं अर्धं मिनिट, शेवटचं अर्धं मिनिट, मधलं पळवायचं. दोष असला तर टोकांनाच असतो. बोट वर केलं की पलीकडची पोरगी पुढची कॅसेट सरकवायची. खरं सांगू वहिनी, जन्मभर गाण्यात काढला पण मधली कडवी आमच्यातल्या कुणालाच माहीत नाहीत. लग्नात गाण्याच्या भेंड्या लागल्या की आमची फजिती!" तो पुन्हा मोठ्याने हसला, चहा प्यायला, मित्राचा निर्जीव हात दोन्ही हातांत धरून बसला, आणि निघताना जिन्यात म्हणाला, "जपा त्याला. असा कान पुन्हा होणे नाही."

दार लावून ती आत आली तेव्हा तो खुर्चीत तसाच होता, बोट अजून अर्धवट वर. पलीकडची पोरगी. म्हणजे हे सगळे दिवस ती ती पोरगी होती. तो डोळ्यांत पाणी आणत होता ते नापास पट्टीच्या कळवळ्याने, आणि ती त्याचं चित्रीकरण करून नातेवाइकांना पाठवत होती. तिला मोठ्याने हसू यायला हवं होतं. तिने भिंतीला डोकं टेकलं. मग तिला राग आला, असा राग की तो कुणाचा आहे हेच कळेना. कपाट उघडून तिने एक ओंजळभर कॅसेटी काढल्या आणि पलंगावर फेकल्या, मग आणखी एक ओंजळ. प्लॅस्टिकचा खडखडाट झाला. त्याने त्या आवाजाकडे मान तिरकी केली. तेवढंच. पलंगाच्या कडेला बसून तिने एक कॅसेट हातात घेतली आणि तिला तो दिवस आठवला, लग्नानंतरचा पहिला उन्हाळा असेल. तो आपण होऊन बोलला होता. हेडफोन काढून तिच्या कानांना लावला आणि म्हणाला, "नीट ऐक. गाणं सुरू व्हायच्या आधी गाणं ऐकू येतं. अगदी बारीक. पट्टी गुंडाळलेली असते ना, तिचा एक वेढा दुसऱ्याला लागतो." तिने ऐकलं. खरखरीत खोल कुठेतरी, कुणी दूर विहिरीत बोलावं तसा, येणाऱ्या ओळीचा आवाज. ती दमलेली होती. दिवसभर "थांबा, जोडून देते." तिने हेडफोन काढून त्याला परत दिला आणि म्हणाली, "मला नाही ऐकू येत काही." तो हसला आणि त्याने तो स्वतःच्या कानांवर चढवला. ते हसणं तिला आता दिसत होतं, आणि त्यात काय होतं ते तिला आता कळत होतं, असं तिला वाटलं. पण वाटण्याला आता कोण साक्ष देणार.

मग तिने ठरवलं, गाणी गेली खड्ड्यात. आपण बोलू. त्याने गाणी नाही, पण तिला तर ऐकलं असेल? ती खुर्ची ओढून त्याच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली. "अहो," ती म्हणाली. तो बघू लागला. "अहो, आज फोरमन आले होते." आयुष्यभर ती लोकांना एकमेकांशी जोडून देत आली, स्वतः कुणाशी बोलताना तिला वाक्यं सापडेनात. तिने कामावरचं काहीबाही सांगितलं. मुलीच्या जन्माच्या वेळी किती घाबरली होती ते सांगितलं, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. "मला ऐकू आलं होतं," ती म्हणाली, "त्या दिवशी. पट्टीतलं. मी खोटं बोलले. मला नुसतं पडायचं होतं हो." तो जिवाचा कान करून ऐकत होता, मान तिरकी, कपाळावर बारीक आठी, तसाच ऐकत होता जसा कॅसेटींवर गाणाऱ्या त्या दोनशे-तीनशे बायकाबाप्यांना ऐकत आला होता. तिचं सगळं सांगून संपायच्या आतच बोट वर झालं. "पुढची," तो म्हणाला. याने तिचं काय ऐकलं असेल इतकी वर्षं? सकाळचं पहिलं वाक्य आणि रात्रीचं शेवटचं. आणि तिने याचं? तेवढंच. बाथरूमचा दिवा. ती तशीच बसून राहिली, गुडघ्याला गुडघा लावून. त्याच्या गुडघ्याची हाडं तिला टोचत होती.

थेरपिस्ट मुलीचा फोन आला तो सकाळी. परवाची खेप शेवटची, डॉक्टरांशी बोलून झालं, तिला फार वाईट वाटतंय. "घरी चालू ठेवा काकू, सोडू नका." "काय चालू ठेवू?" तिने विचारलं. "जे ते ऐकतात ते," मुलगी म्हणाली. जे ते ऐकतात ते. तिने फोन खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्याने जे आयुष्यात ऐकलं नाही ते लावून बघितलं तर? दुसरं उरलंच काय होतं? जेवणं झाल्यावर तिने खिडकीचा पडदा ओढला, कारण उन्हाची तिरीप त्याच्या डोळ्यांवर येत होती, आणि त्याचे मोठे हेडफोन कपाटावरून काढून त्याच्या कानांवर नीट बसवले. वायर फोनला लावली. मुलीने पाठवलेल्या गाण्यांतलं त्यातल्या त्यात लांब एक निवडलं, नवीन केलेलं, धुऊनपुसून स्वच्छ, ज्यात त्याला दोष सापडणार नाही असं. सुरू केलं नाही. फोनच्या पडद्यावरच्या त्या रेघेवरचा ठिपका आधी बोटाने बरोबर मधोमध ओढून नेला. मग त्याचा डावा हात आपल्या एका हातात घट्ट धरला आणि दुसऱ्याच्या अंगठ्याने गाणं सुरू केलं.

त्याची मान तिरकी झाली. ती ऐकू शकत नव्हती. हेडफोनच्या कडेतून मुंग्या चालाव्यात तेवढा आवाज येत होता. तो वाट बघत होता. मध्ये कुणी सुरुवात करत नाही, हे त्याला कळलं असावं. त्याची आठी खोल झाली. बोट उचलायला गेलं आणि तिच्या मुठीत अडलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. "ऐका," ती म्हणाली, त्याला ऐकू येणार नव्हतं तरी. "पुढची," तो म्हणाला. तिने मान हलवली. "पुढची." त्याचा हात ओढू लागला. त्या एका चांगल्या हातात अजून बरीच ताकद होती, ती सगळी आता त्याने लावली. तिनेही लावली. खुर्ची करकरली. गाणं चाललंच होतं, आणि ते संपत नव्हतं, आणि त्याच्या डोळ्यांत आता जे आलं ते नापास पट्टीचं पाणी नव्हतं. ते निव्वळ भय होतं. अनोळखी ठिकाणी सोडून दिलेल्या माणसाचं. त्याचे ओठ हलू लागले. तिला पुन्हा 'पुढची' ऐकायचं नव्हतं. तिने डोळ्यांत प्राण आणून त्या ओठांकडे पाहिलं. आत कुठेतरी, खोल, काहीतरी येत होतं. "न..." तो म्हणाला. त्याच्या कपाळावरची शीर फुगली. "न... नको." त्याचे डोळे तिच्या आरपार नव्हते. तिच्यावर होते, तिच्या डोळ्यांवर, सरळ, गयावया करत. "नको गं," तो म्हणाला. "नको गं."

तिने हात सोडायला हवा होता. तिला ते कळत होतं, अगदी स्पष्ट कळत होतं. त्याच्या मनगटावर तिच्या नखांचे अर्धे चंद्र उठले होते आणि हेडफोन एका कानावरून सरकून गालावर आला होता. मुंग्यांचा आवाज थांबला; गाणं संपलं होतं. तो धापा टाकत होता, आणि अजून तिच्याकडेच बघत होता. ती रडत होती, हसत होती, "अहो," म्हणत होती, "अहो, बोललात, माझ्याशी बोललात." तिने एका हाताने त्याचे गाल पुसले. हेडफोन उचलून पुन्हा कानावर नीट बसवला. तो घाबरून मान मागे घेऊ लागला. मग तिने त्याचा हात आणखी घट्ट धरला आणि अंगठ्याने ठिपका पुन्हा मधोमध ओढला.